तिकिटाच्या एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे
(इंदूरात सॉफ्टवेअरची पहिली नोकरी करणाऱ्यांसाठी)

दर वर्षी पावसाळ्यात आमच्या विजयनगरच्या ऑफिसात चार-पाच नवी मुलंमुली रुजू होतात. कुणी एसजीएसआयटीएसमधून आलेलं असतं, कुणी देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटीतून, कुणी देवास-खंडव्याकडून. त्यात एखाद-दुसरं रामबागेतलं किंवा लोकमान्यनगरातलं मराठी पोर असतंच. पहिले सहा महिने सगळे खुशीत असतात. मग नवव्या-दहाव्या महिन्यात त्यांतलं कुणीतरी खालच्या चहावाल्याकडे मला गाठतं आणि म्हणतं, "दादा, रोज तेच चाललंय. रिपोर्टात एक कॉलम वाढव, बटणावरचा मजकूर बदल, जुना बग मिटव. कॉलेजात शिकलो त्यातलं काहीच लागत नाही. असंच चाललं तर मी मागे पडेन."

ही भीती खरी आहे. पाच-सहा वर्षं फक्त सांगितलेलं फील्ड वाढवत राहिलेली माणसं मी मुलाखतीला समोर बसलेली पाहिली आहेत. "हे असं का केलं होतं?" एवढा एकच प्रश्न विचारला की ती गप्प होतात. त्या वेळी फार वाईट वाटतं, कारण माणूस हुशार असतो, कष्टाळूही असतो.

अकरा वर्षं हे काम केल्यावर माझं एक ठाम मत झालंय. आपल्या हाती येणारं तिकीट, म्हणजे नोंदवून नेमून दिलेलं एक छोटं काम, हा कामाचा मधला तुकडा असतो. त्याच्या आधी कुणाची तरी अडचण असते आणि त्याच्या नंतर कुणाच्या तरी स्क्रीनवर काहीतरी घडतं. नव्या माणसाला मधला तुकडा देतात, तो तेवढाच करून मोकळा होतो आणि म्हणून त्याला काम बारीक वाटतं. प्रत्येक तिकिटाच्या एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे जायचं, एवढीच सवय लावायची आहे. ती कशी लावायची ते पुढे क्रमानं सांगतो. सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या चार पायऱ्या अंगवळणी पडायला तीन-चार महिने लागतात.

पहिली पायरी: वही

निदान तीन आठवडे रोज घरी निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढा आणि दिवसभरात काय केलं ते लिहा. कागदाची वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा, माझा कल कागदाकडे आहे. प्रत्येक कामापुढे एक खूण करायची: यातून काही नवं कळलं, हे तेच ते पुन्हा आलं, किंवा हे अडलंय आणि का अडलंय ते मला माहीत नाही.

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायची सवय लोकांनी लावून घेतली आणि २०१७ साली आपलं गाव स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. कामाची वर्गवारीही त्याच दिवशी करा. महिनाअखेरीला सगळं एकत्र कालवलं गेलं की त्यातून काही निवडता येत नाही.

तीन आठवड्यांनी वही उघडलीत की दोन गोष्टी दिसतात. "तेच ते" हे वाटतं त्याहून थोडं कमी असतं. आणि "का अडलंय माहीत नाही" हे वाटतं त्याहून बरंच जास्त असतं. तुमची वाढ या तिसऱ्या गटात आहे.

दुसरी पायरी: मागचं पाऊल, माणसाकडे

तिकीट हाती आलं की कोड उघडण्याआधी तीन गोष्टी शोधा. हे नेमकं कुणाला हवंय? तो माणूस आज यावाचून काम कसं भागवतो? आणि हे झालं नाही तर त्याचं काय अडेल?

लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, सरळ "हे का करायचं?" असं विचारलं तर कधी कधी तो प्रश्न उद्धट वाटतो, निदान तसं वाटेल अशी भीती नव्या मुलांना असते. म्हणून आधी आपला अंदाज सांगा आणि मग विचारा: "रिपोर्टात हा कॉलम अकाउंट्सवाल्यांना जीएसटीचा ताळा करायला हवाय असं मला वाटतंय. बरोबर आहे का? कारण तसं असेल तर रद्द झालेली बिलंही त्यात दाखवावी लागतील." असा प्रश्न आला की लीड लॅपटॉपवरून मान वर करतो, मी स्वतः करतो. निम्म्या वेळा तुमचा अंदाज चुकीचा निघेल आणि तो चुकण्यातूनच कळतं की धंदा कसा चालतो.

सपोर्टला बसणारी माणसं आणि टेस्टिंगमधल्या ताई यांच्याशी बोला. आमच्याकडे एक ताई आहेत, ग्राहकांपैकी कुणाचा बाबू रिपोर्ट छापून घेऊन त्यावर पेनानं बेरजा मारतो हेसुद्धा त्यांना माहीत असतं. हे कुठल्याही दस्तऐवजात सापडत नाही.

तिसरी पायरी: मागचं पाऊल, कोडच्या इतिहासात

ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आपण ते रोज वापरतो, पण बहुतेक मुलं त्यातल्या चारच आज्ञा वापरतात: काढा, भरा, ढकला, ओढा. त्यात साठलेला इतिहास कुणी वाचत नाही. गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळ शेवटची कुणी, कधी आणि कोणत्या बदलात लिहिली ते दिसतं. नाव वाईट आहे, कुणावर खापर फोडण्यासाठी ते वापरू नका. गिट लॉग एका फाइलपुरता चालवला की तिची सगळी कुंडली समोर येते. आणि "गेल्या महिन्यात चालत होतं, आता चालत नाही" अशी तक्रार आली की गिट बायसेक्ट वापरा. ते दर वेळी उरलेल्यांचे दोन भाग करत जातं, त्यामुळे हजार बदलांतला दोषी बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांसाठी आम्ही सभासदांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करत होतो. एक तिकीट आलं: "काही सभासदांची नावं सर्चमध्ये सापडत नाहीत." ते नोकरीला आठ महिने झालेल्या एका मुलीकडे गेलं. तिला सांगितलं गेलं की नावाच्या मागेपुढे रिकामी जागा राहिली असेल, ती काढून टाक आणि तिकीट बंद कर.

तिनं आधी इतिहास पाहिला. त्याच फाइलमध्ये दोन वर्षांत तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांनी रिकाम्या जागा काढायचाच कोड घातलेला होता. तिन्ही बदलांच्या संदेशात एकच शब्द होता: "फिक्स". म्हणजे ही तक्रार तीनदा बंद झाली होती आणि चौथ्यांदा आली होती.

मग तिनं न सापडणारी नावं काढून एकाखाली एक लिहिली. गोऱ्हे, कऱ्हाडे, ताऱ्हाळकर, बऱ्हाणपुरे. इथे मराठी वाचता येण्याचा उपयोग झाला. सगळ्यांत तो अर्धा र होता. तिनं डेटाबेसमधून एक "गोऱ्हे" काढलं, सर्चच्या खोक्यात टाइप केलेलं दुसरं "गोऱ्हे" घेतलं आणि दोघांची लांबी मोजली. एक भरलं सहा, दुसरं सात. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखी.

कारण असं की यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्याला स्वतःचा एक क्रमांक आहे, ०९३१. किंवा साधा र (०९३०) आणि त्याखाली नुक्ता (०९३सी) असे दोन तुकडे जोडूनही तेच चिन्ह होतं. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर कोणतं साठेल ते ठरतं. माणसाला दोन्ही एकच, पण तुलना करणाऱ्या कोडला ती दोन वेगळी नावं. यूनिकोडनं यावर उपायही दिलाय: दोन्ही बाजू एनएफसी नावाच्या ठरलेल्या रूपात आणायच्या आणि मग तुलना करायची. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉर्मलाइझ हे तयार फंक्शन आहे. तिनं ते लावलं आणि बरीच नावं सापडू लागली.

बरीच, पण सगळी नाहीत. इथे कुणीही तिकीट बंद केलं असतं आणि कुणी काही म्हटलंही नसतं. तिनं उरलेली नावं पुन्हा उलगडली. त्यात तिसरीच तऱ्हा निघाली: साधा र, त्याला हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, २००डी क्रमांकाचं. दिसायला तोच अर्धा र. ही तऱ्हा एनएफसीनं बदलत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. मग तिनं तिन्ही रूपांचं एक रूप करणारं छोटं फंक्शन लिहिलं, ते नाव साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे लावलं, जुन्या नोंदी बदलायची स्क्रिप्ट आधी बॅकअप घेऊन टेस्ट सर्व्हरवर चालवली, आणि या सगळ्यावर एक पानभर टिपण लिहिलं.

एकूण तीन दिवस गेले. रिकाम्या जागा काढायला अर्धा तास पुरला असता. पण त्यानंतर मराठी मजकुराबाबतचं काहीही अडलं की लोक तिच्या टेबलाकडे जायला लागले आणि चार महिन्यांनी सर्चचा अख्खा भाग तिच्याकडे आला. तिनं तो मागितलाही नव्हता.

एक इशारा मात्र देतो. तीन दिवस घ्यायचे असतील तर पहिल्या दिवशी संध्याकाळीच लीडला सांगा: "अर्ध्या तासाचं वाटलं होतं, पण हीच तक्रार पूर्वी तीनदा बंद झाली आहे. मूळ कारण शोधायला दोन दिवस मिळतील का?" न सांगता गायब होऊन खोदकाम करणारा माणूस टीमला डोईजड होतो. एरवी नेहमीच्या तिकिटामागे अर्ध्या तासापेक्षा जास्त इतिहास वाचू नका. एक पाऊल म्हणजे एकच.

चौथी पायरी: पुढचं पाऊल

हे मी चूक करून शिकलो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडे होतं. तिकीट आलं की रुग्णांना जाणारा आठवणीचा एसएमएस इंग्रजीऐवजी मराठीत पाठवा. मजकूर रुग्णालयाकडून तयार होऊन आला होता. मला फक्त मजकूर बदलायचा होता. वीस मिनिटांत बदलला, स्वतःच्या फोनवर एक संदेश मागवून पाहिला, छान दिसला, तिकीट बंद.

पुढच्या महिन्यात रुग्णालयाचं एसएमएसचं बिल जवळजवळ तिप्पट आलं.

एका एसएमएसमध्ये १४० बाइटच मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून मराठीत ७०. संदेश त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येकात घालावी लागत असल्यानं एका तुकड्यात ६७ च उरतात. शिवाय मोजणीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरले जातात. "उद्या" आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, पण तिथे तो पाच मोजला जातो. आमचा मराठी संदेश दीडशेच्या आसपास भरत होता, म्हणजे तीन तुकडे आणि तीन संदेशांचे पैसे. फोन तुकडे जोडून एकच संदेश दाखवतो, त्यामुळे मला काही जाणवलं नव्हतं. अख्ख्या इंग्रजी संदेशात रुपयाचं एक चिन्ह आलं तरी असंच होतं, कारण ते त्या सात बिटांच्या संचात नाही, म्हणून तिथे सरळ इंग्रजीत आरएस लिहायचं.

मला कुणी ओरडलं नाही. पण मजकूर लहान करून ६५ वर आणताना मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी पाठवणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर एक नजर टाकली असती तरी संदेशांची संख्या तिप्पट झालेली दिसली असती.

तेव्हापासून मी तिकीट बंद करण्याआधी एका ओळीत लिहितो की रिलीजनंतर काय पाहायचं. आणि बदलाच्या आधीचा आकडा टिपून ठेवतो. आधीचा आकडा नसला की नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. रिपोर्ट वेगवान करायचा असेल तर आज तो किती सेकंदांत उघडतो ते लिहा. मग डेटाबेसला एक्स्प्लेन विचारा, तो ती क्वेरी कशी चालवणार आहे ते सांगतो. नव्या मुलांच्या कोडमध्ये मला नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून केलेली तुलना. असं केलं की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) उपयोगी पडत नाही आणि डेटाबेस सगळ्या नोंदी एकेक करून चाळत बसतो. "या दिवसाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत" अशी अट लिहिली की तोच इंडेक्स कामी येतो. हे पुस्तकात वाचून विसरता येतं. चाळीस सेकंदांचा रिपोर्ट स्वतःच्या हातानं दोन सेकंदांवर आणला की जन्मभर विसरत नाही.

लॉग, म्हणजे सर्व्हरनं वेळेसकट ठेवलेल्या नोंदी, पाहताना सर्व्हरचं घड्याळ आधी तपासा. बहुतेक ठिकाणी ते यूटीसी या जागतिक वेळेवर असतं आणि आपण साडेपाच तास पुढे. सकाळी दहाची तक्रार लॉगमध्ये साडेचारला शोधायची. दिवसाचे हिशेब लावणाऱ्या कोडमध्ये हाच फरक राहून गेला तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या दिवसात जाऊन बसतात. असा रिपोर्ट दिसला की लगेच ओळखा.

पाचवी पायरी: तेच ते काम यंत्राकडे

वहीतला "तेच ते" गट आता उघडा. दर सोमवारी हातानं डेटा काढून एक्सेल बनवायला चाळीस मिनिटं लागत असतील तर वर्षाला जवळपास पस्तीस तास होतात, म्हणजे ऑफिसचे चार दिवस. त्याची स्क्रिप्ट लिहा. पहिल्यांदा फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या खात्यानं चालवा. महिनाभर हातानं काढलेला आणि स्क्रिप्टनं काढलेला आकडा शेजारी ठेवून ताडून पाहा. ग्राहकांचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर कधीही उतरवू नका. आणि स्क्रिप्ट टीमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) ठेवा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी ती चालेल.

सहावी पायरी: लिहिणं

इंदूरच्या मराठी पोरांचं एक खास आहे. घरी मराठी, ऑफिसात हिंदी आणि तिकिटावर इंग्रजी. पुष्कळ जण समजतात की आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून आपलं लिहिणं कच्चं आहे. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा मुळात गोष्टच पुरती समजलेली नसते आणि अडखळणाऱ्या इंग्रजीखाली ते झाकलं जातं. म्हणून आधी वहीत मराठीत लिहा: काय होत होतं, का होत होतं, मी काय बदललं, बरोबर झालं हे कसं तपासलं, काय राहिलं. पाच ओळी. मराठीत लिहिताना जिथे अडाल तिथे अजून समजायचं बाकी आहे. पाचही ओळी मराठीत सरळ आल्या की मग साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत त्या पुल रिक्वेस्टवर (आपला बदल तपासून सामील करून घ्यायच्या विनंतीवर) उतरवा. बदलाच्या संदेशात "फिक्स" एवढंच लिहून कधीही सोडू नका. पुढच्या माणसाला तेवढंच मिळणार असतं.

"काय राहिलं" ही ओळ लिहायला मुलं घाबरतात, कारण उणीव कबूल केल्यासारखं वाटतं. पण कोड रिव्ह्यू करताना मी सगळ्यात आधी तीच ओळ शोधतो आणि ती लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.

सातवी पायरी: एआयच्या हाताखाली की एआय हाताशी

साचेबंद कोड आता एआय मिनिटात लिहून देतो. म्हणजे तुम्हाला ज्याचा कंटाळा येतो तेच काम आधी जाणार आहे. वापरायला हरकत नाही, मीही वापरतो. पण पहिली दोन वर्षं एक पथ्य पाळा: बग आला की आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहा आणि मग त्याला विचारा. त्यानं दिलेल्या कोडमधली एकही ओळ समजल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. त्या "गोऱ्हे"च्या तिकिटावर त्याला "सर्च चालत नाही" एवढंच सांगितलं असतं तर त्यानंही कदाचित रिकाम्या जागाच काढून दिल्या असत्या. प्रश्न नेमका विचारायला आधी नावं एकाखाली एक लिहावी लागतात.

आठवी पायरी: काम मागणं

"सर, मला चॅलेंजिंग काम द्या" यावर लीडला काही करता येत नाही. त्याच्याकडे तसं काम कपाटात ठेवलेलं नसतं. चार महिन्यांची वही घेऊन जा आणि म्हणा, "सर्चच्या या पाच तक्रारी पुन्हा पुन्हा येताहेत. तीन एकाच कारणानं येताहेत असं मला वाटतं. पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यांत) मिळून चार दिवस मिळाले तर मी हे करून दाखवतो. नाही जमलं तर तिसऱ्या दिवशी सांगतो." यात काम आहे, वेळ आहे, आणि फसलं तर किती फसेल तेही आहे. अशा मागणीला नाही म्हणणं अवघड असतं.

अप्रेझलला हीच वही बरोबर न्या. "खूप मेहनत केली" याऐवजी "रिपोर्ट चाळीस सेकंदांवरून दोनवर आणला, सोमवारचं काम स्क्रिप्टवर गेलं, ही तक्रार गेल्या पाच महिन्यांत परत आली नाही" असं सांगता येतं. हे तपशील कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत, तुमच्या लीडच्या तर नाहीतच.

ऑफिसबाहेरचा अभ्यास

यावर थोडंच लिहितो. दहा कोर्स विकत घेऊ नका. सहा महिन्यांना एक विषय घ्या आणि तो ऑफिसच्या कामातून निघालेला असू द्या. एक्स्प्लेनमध्ये अडलात तर डेटाबेसचे इंडेक्स, ५०४ ची (सर्व्हरकडून वेळेत उत्तर न आल्याची) चूक वारंवार दिसली तर नेटवर्क आणि प्रॉक्सी. जोडीला खुल्या प्रकल्पांतल्या बगच्या चर्चा वाचा. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि त्याचे बग फॅब्रिकेटर या साइटवर सगळ्यांना वाचता येतात. जगातली अनुभवी माणसं एखाद्या बगवर कसा वाद घालतात, पुरावा कसा मागतात, "हे आत्ता करू नये" असं कसं पटवतात, ते तिथे फुकट शिकायला मिळतं. आठवड्याला एक धागा शेवटपर्यंत वाचला तरी पुरे.

रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसणं याला मी वाढ म्हणत नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर गराडू खायला जा.

पुण्याला जावं का

हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात निघतो. काका पुण्यात, आत्येभाऊ हिंजवडीत, आणि संध्याकाळी इंदूरहून सुटणारी बस सकाळी तिथे सोडते. आई म्हणते इथेच राहा, बाबा म्हणतात जाऊन बघ. इंदूरातही आता काम कमी नाही. सुपर कॉरिडॉरला टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं आहेत, विजयनगर आणि क्रिस्टल आयटी पार्कात लहान कंपन्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की कंटाळा आला म्हणून जाऊ नका. तिकिटाचा मधला तुकडा पुण्यातही तोच असतो. ज्या प्रकारचं काम हवंय ते इथे नाहीच, हे वहीत दिसायला लागलं की जा. मागचं पाऊल घेऊ देत नाहीत, "प्रश्न विचारू नको, तिकीट बंद कर" असं वर्षभर ऐकायला मिळतंय, लीडशी दोनदा नीट बोलूनही फरक नाही, तर गाव तेच ठेवून कंपनी बदलली तरी चालतं. नव्या ठिकाणी मुलाखतीत तुम्हीही विचारा: रिलीजनंतर काय बिघडलं ते कोण पाहतं? नवीन माणसाला प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरचे, लॉग पाहायला मिळतात का? शेवटचा मोठा बग कसा सापडला? उत्तर देताना समोरचा रमून सांगायला लागला तर ती जागा चांगली आहे.

आणि निघताना नोटिस पीरियडात एक काम करा. वही उघडून तुमच्या भागाचं हस्तांतरणाचं टिपण लिहा. कुठे काय आहे हे कोडमध्ये दिसतंच. त्यापेक्षा कोणती तक्रार परत येऊ शकते, कोणत्या दुरुस्तीचं कारण तुम्हाला पुरतं सापडलं नाही, कोणत्या ग्राहकाचा कोण माणूस कोणता रिपोर्ट छापून वापरतो, ते लिहा. ती सर्चवाली मुलगी गेल्या वर्षी पुण्याला गेली. तिनं मागे अडीच पानं ठेवली आहेत. पहिल्या पानावर वरतीच, ठळक अक्षरांत, गोऱ्हे हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय आणि प्रत्येकापुढे त्याची लांबी आहे: सहा, सात, सात. या जुलैत आलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी तीच पानं वाचायला दिली. दुपारी तो विचारायला आला की लांबी सात भरणारी दोन वेगळी कशी ओळखायची.